आंदणाच्या परातीतला बोर्ड

स्टीलच्या परातीला भोक पडायला एक दुपार पुरते, हे मला आता माहीत आहे. ही माहिती मिळवताना जी परात कामी आली ती साधीसुधी नव्हती. बायकोच्या आंदणातली होती. काठावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव आणि त्याखाली 'आईकडून' असं कोरलेलं. आमच्याकडच्या अर्ध्या भांड्यांवर मला चेहरा न आठवणाऱ्या पाहुण्यांची नावं आहेत, पण ही परात मी रोज बघायचो. रोजचे तांदूळ तिच्यातच निवडले जायचे.

माझा बचाव एवढाच की तिच्या बुडाशी 'स्टेनलेस' असा शिक्का होता. स्टेनलेस म्हणजे डाग न पडणारं, एवढं इंग्रजी मला येतं. आणि शिक्का खोटा नव्हता. डाग पडलाच नाही, सरळ भोक पडलं.

हे सगळं एका कोंबडीपायी झालं, म्हणून आधी कोंबडीचं सांगतो.

सासूबाई जन्मभर कोंबड्या पाळत आल्या. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या बाजूला त्यांचं गाव. तिथल्या अंगणात त्यांच्या काळ्याभोर कोंबड्या फिरायच्या, पायापर्यंत काळ्या, आणि त्यांच्या सासूबाईंच्या काळापासून तोच वाण चालत आलेला. मग वय झालं, गुडघे बोलायला लागले आणि मुलानं त्यांना सडक अर्जुनीला आपल्याकडे नेलं. तिथलं घर हमरस्त्याला लागून. दाराबाहेर ट्रक, अंगण नावाला नाही. कोंबड्या वाटून टाकाव्या लागल्या आणि शेवटची काळी त्यांनी लेकीच्या हवाली केली. आम्ही गोंदियाजवळ मुर्रीत राहतो, घराला थोडं अंगण आहे, मागे धानाच्या बांध्या. काळी, बायकोच्या बोलीत कारी, आमच्याकडे आली आणि सासूबाई रोज संध्याकाळी फोनवर आधी तिची चौकशी करायला लागल्या. मग लेकीची. वेळ उरला तर माझी.

शेजारचा काळा कोंबडा आमच्या अंगणात येऊन जायचा, आणि पौषाच्या थंडीत काळी खुडूक झाली. बायकोनं टोपल्यात धानाचं तणस घालून अंडी मांडली, काळी फुगून त्यावर बसली आणि फोनवर ही बातमी गेली तेव्हा पलीकडून सासूबाईंचं हसणं मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. आता वाण पुढे चालणार, असं त्या म्हणत होत्या.

आणि मग एका सकाळी मागच्या बांधीतल्या लाखोळीच्या पिकातून मुंगूस आलं. काळी दाणा टिपायला टोपल्यातून उठली होती तेवढ्यात त्यानं डाव साधला. आम्हाला पिसं सापडली. टोपल्यातली अंडी मात्र जशीच्या तशी, हात लावला तर अजून उबदार.

बायको रडली नाही. तिनं पदरात अंडी घेतली आणि आजूबाजूच्या घरी विचारून आली. एकाही घरची कोंबडी खुडूक नव्हती. परत आली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "मायले सांगू नका. पिले निंगाले का मंग मीच सांगीन."

म्हणजे आता पिल्लं निघायलाच हवी होती.

तिनं थर्माकोलचा डबा काढला, तळाशी पाण्याचं भांडं ठेवलं, वर जाळी, जाळीवर अंडी आणि झाकणातून एक बल्ब सोडला. जुना, पिवळ्या उजेडाचा, तापणारा बल्ब. हल्लीचे पांढरे बल्ब उजेड देतात, ऊब देत नाहीत. जुना बल्ब माळ्यावर माझ्या खोक्यात सापडला. माझ्या खोक्यातली वस्तू घराच्या उपयोगी पडल्याची ही पहिली वेळ. प्रत्येक अंड्यावर तिनं पेन्सिलीनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढला, म्हणजे कोणतं अंडं फिरवलं आणि कोणतं राहिलं ते कळावं. कोंबडी हे पेन्सिलीशिवाय करते, असंही ती म्हणाली.

अडचण उबेची होती. अंड्याला हवी ती ऊब म्हणजे माणसाच्या अंगात जेमतेम कसर असावी एवढी. बल्ब चालू ठेवला की डब्यात वैशाख, बंद केला की पौष. म्हणून बायको शिवणाचं मशीन डब्याशेजारी ओढून बसली. दोन टाके घालायची, थर्मामीटर बघायची, बटण दाबायची. बाहेर जाणं नाही, पाठ टेकणं नाही. रात्री आम्ही पाळी लावली, पण माझ्या पाळीत एकदा माझा डोळा लागला. तेव्हापासून माझी पाळीही तिच्याकडे गेली. दोन दिवसांत तिचे डोळे लाल झाले आणि एका ब्लाऊजची बाही दुसऱ्याच ब्लाऊजला लागली.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

मी इंजिनिअर नाही. मी कारकून आहे. पण इलेक्ट्रॉनिक्सचा नाद मला शाळेपासून आहे आणि तो माझ्या कारकुनीपेक्षा जास्त टिकेल अशी लक्षणं आहेत. घरी या नादाचा इतिहास फार उज्ज्वल नाही. पाण्याची टाकी भरली की वाजेल असा भोंगा मी केला होता. तो टाकी रिकामी झाली की वाजायचा, आणि आमच्याकडे नळाला पाणी बेताचंच येत असल्यामुळे वाजतच राहायचा. त्याच्या तारा शेवटी बायकोनं कात्रीनं सोडवल्या.

तर मी म्हणालो, ऊब आपोआप सांभाळणारं सर्किट करतो. उष्णता ओळखणारा मण्याएवढा एक तुकडा, आठ पायांची एक चिप आणि बल्ब चालू-बंद करणारा एक रिले. डबा तापला की रिले बल्ब विझवणार, निवला की लावणार.

"इकत नाई भेटत का असं?" बायकोनं विचारलं.

भेटतं. पण मागवलं तर यायला दिवस लागणार, आणि दुसरं कारण मी तिला सांगितलं नाही. घरी बोर्ड करायला जी निमित्तं मी आयुष्यभर शोधत आलो, त्यांतलं हे पहिलं असं होतं ज्याला घरातून कोणी हसलं नाही.

बोर्ड घरी करायची रीत अशी. एका बाजूला तांब्याचा पत्रा चिकटवलेला फायबरचा तुकडा मिळतो. वीज जिथून न्यायची त्या रेघा शाईनं झाकायच्या आणि तुकडा फेरिक क्लोराइडच्या पाण्यात ठेवायचा. ते पाणी उघडं तांबं खाऊन टाकतं, शाईखालचं राहतं. शाई पुसली की खाली तांब्याच्या रेघा. मग भोकं पाडायची, भाग बसवायचे, कथलाचा डाग द्यायचा. रेघा हातानं काढल्या तर माझा हात कापतो, म्हणून कॉम्प्युटरवर काढून गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट घ्यायची आणि ती इस्त्रीनं तांब्यावर उतरवायची. कागदावरचं तांब्यावर उलटं उतरतं. तेव्हा कागदावर मुळातच उलटं हवं, आरशात दिसतं तसं.

मी घरीच चित्र उलटं केलं. एका कोपऱ्यात जागा उरली होती, तिथं 'काळी' अशी अक्षरंही घातली. बायकोला बरं वाटेल म्हणून. मग रविवारी सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन गोंदियात दुकानात गेलो. माझ्याजवळचं जाहिरातीचं गुळगुळीत पत्रक मशीनमध्ये घालायला दुकानदार तयार नव्हता. त्याला पटवण्यात माझी अर्धी अक्कल संपली. उरलेली अर्धी त्यानं पुढच्या प्रश्नात संपवली. "सर, मिरर करना है क्या?" असं त्यानं विचारलं.

हे ऐकून मला फार आनंद झाला. गोंदियात कोणालातरी हे समजतं. मी जाणत्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "हाँ भई, मिरर तो करनाही पडता है."

त्यानं केलं. प्रिंट हातात आली. कोपऱ्यात 'काळी' सुंदर, ठसठशीत, सरळ वाचता येत होतं. किती स्वच्छ छापलंय म्हणून मी ते दोनदा वाचलं. उलटं छापलेलं आपण सरळ कसं काय वाचतोय, हा प्रश्न मला मुर्री येईपर्यंत पडला नाही. मुर्री आल्यावरही पडला नाही.

घरी येऊन इस्त्री मागितली. इस्त्रीला काही चिकटलं तर माझा शर्ट पुन्हा कधी कडक होणार नाही, एवढं कबूल करून घेऊन बायकोनं ती दिली. प्रिंट तांब्यावर पालथी घातली, इस्त्री दाबून धरली, मग पाण्यात भिजवून कागद हळूहळू चोळून काढला. तांब्यावर काळ्या रेघा लख्ख बसल्या होत्या. कोपऱ्यात अक्षरंही होती, पण माझी नजर रेघांवर. तुटली कुठे, जुळली कुठे, एवढंच बघत होतो.

आता फेरिक क्लोराइड. त्यासाठी पसरट प्लास्टिकचा डबा लागतो. मी मुद्दाम जपून ठेवलेला तसा डबा आता अंड्यांखाली पाण्याचं भांडं होऊन बसला होता. मी दारातून विचारलं, एखादं पसरट भांडं घेऊ का? बायकोचे डोळे थर्मामीटरवर, बोट बटणावर. "घ्या," म्हणाली.

कोणतं घेऊ हे मी विचारलं नाही. इतकी मोकळी परवानगी मला या घरात फार कमी वेळा मिळालेली आहे आणि ती तपासून बघायची नसते.

अंगणात नळाजवळ परात ठेवली, तपकिरी पाणी ओतलं, बोर्ड सोडला आणि परात हलकी हलकी डुलवत बसलो. पाणी कोमट झालं. बारीक बुडबुडे आले. मी खूश. पुस्तकात लिहिलंय त्याहून जोरात काम चाललंय, असं वाटलं. तांब्याबरोबर ते परातही खातंय हे माझ्या डोक्यातही आलं नाही. हळूहळू तांबं विरलं, रेघांमधून फायबर दिसायला लागलं. बोर्ड उचलला, धुतला. त्या घाईत परातीतलं पाणी तसंच राहिलं. शेजारच्या कोंबड्यांनी चोच घालू नये म्हणून वर एक ताट झाकलं, एवढी सावधगिरी मात्र घेतली.

शाई पुसली, बारीक ड्रिलनं भोकं पाडली आणि बोर्ड बायकोला दाखवायला नेला. हातानं केलेला बोर्ड कोणाला तरी दाखवल्याशिवाय पुरा होत नाही. तिनं एका हातानं घेतला, उजेडात धरला आणि डोळे बारीक करून बघितला. मला वाटलं, भारावली.

मग म्हणाली, "कारीचं नाव उलटं काऊन हाय?"

मी बघितलं. होतं. आणि नाव उलटं म्हणजे सगळंच उलटं. मी घरी उलटं केलेलं दुकानदारानं माझ्याच सांगण्यावरून पुन्हा उलटं केलं होतं. चिपच्या डाव्या पायांच्या रेघा उजवीकडे आणि उजव्यांच्या डावीकडे गेल्या होत्या. असा बोर्ड जोडला असता तर चिपनं पहिल्या क्षणाला प्राण सोडला असता.

मी खाली बसलो. तांब्याचा दुसरा तुकडा नव्हता. दुकान रविवारी दुपारी बंद होतं. बायकोनं बोर्ड माझ्या हातात परत दिला, थर्मामीटर बघितला आणि बटण दाबलं. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "राहू द्या. मी बसतो इथंच." आमच्याकडे बायकाही कधी कधी 'बसतो' म्हणतात. ते ऐकून मला अंड्यांपेक्षा तिचीच काळजी वाटली. अजून कितीतरी दिवस जायचे होते.

मी आतल्या खोलीत गेलो. कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो आणि उगाच बोर्ड आरशाला दाखवला. आरशात 'काळी' सरळ. रेघाही सरळ, मी काढल्या होत्या तशा. मागे, दारातून, आरशातच बायको दिसत होती, डब्यावर वाकलेली. तसाच बघत राहिलो आणि मग एकदम लक्षात आलं.

भाग नेहमी फायबरच्या बाजूनं बसवतात, पाय भोकांतून पलीकडे काढतात आणि तिथं तांब्याला डाग देतात. पण रेघा जर डावी-उजवी बदलून बसल्या असतील, तर भागांनीही बाजू बदलावी. ते फायबरवर न बसवता तांब्याच्याच अंगावर बसवायचे. मग ज्याचा पाय त्याच्या रेघेवर पडतो. दिसायला ओंगळ दिसेल, चिपच्या पोटाखाली डाग देताना बोटं भाजतील, पण चालेल.

बोटं भाजली. चिप पायांवर थोडी उंच उभी ठेवावी लागली, तिथं ती चिखलातल्या बगळ्यासारखी दिसत होती. रिले तर तांब्यावर आडवाच पसरला. माझ्या आयुष्यात मी इतका कुरूप बोर्ड केलेला नाही, आणि माझे सुंदर बोर्ड कसे असतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याची कल्पना येईल.

ऊन उतरायला लागलं तेव्हा जोडणी झाली. बल्बच्या तारा रिलेला, मण्याएवढा तुकडा अंड्यांच्या मधोमध. बायकोनं बटणावरचं बोट काढायच्या आधी विचारलं, "टाकीवानी तं नाई ना करनार?"

मी म्हणालो नाही करणार, पण आवाज माझा मलाच पटला नाही. दोघं डब्याशेजारी बसलो. थर्मामीटरचा पारा चढत होता. तो खुणेपाशी आला, थोडा वर गेला, आणि मी बटणाकडे हात न्यायच्या बेतात होतो तेवढ्यात डब्यातून आवाज आला. टिक. बल्ब विझला.

पारा उतरायला लागला. उतरला, आणि परत टिक. बल्ब लागला.

तिनं तिसऱ्या टिकपर्यंत वाट पाहिली. मग उठली, जमिनीवर सतरंजी टाकली आणि तिथंच डब्याशेजारी भर दिवसा झोपून गेली. मी बराच वेळ टिक ऐकत बसलो. पगारवाढीच्या दिवशीसुद्धा मला इतकं बरं वाटलेलं नाही.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. काळी बरी बसली आहे का, असं त्यांनी विचारलं असावं. बायको डोळे चोळत म्हणाली, हो, बसली आहे. मग तांदूळ निवडायला परात आणायला अंगणात गेली.

मला परात तेव्हा आठवली.

मी मागोमाग गेलो, पण उशीर झाला होता. तिनं ताट उचललं होतं. परातीत पाणी नव्हतं. ते खाली सिमेंटवर उतरून तपकिरी डाग होऊन बसलं होतं. परात आतून खरबरीत, काळपट, आणि जिथं बोर्ड ठेवला होता तिथं त्याचा चौकोन स्पष्ट उमटलेला. तिनं परात दोन्ही हातांनी उचलून मावळतीकडे धरली. बुडातल्या भोकांतून उजेड आला. काठावरची 'आईकडून' ही अक्षरं मात्र शाबूत होती, तिथवर पाणी पोचलं नव्हतं. मी तेवढं सांगितलं. सांगायला नको होतं.

तिनं परात घासून, सोड्याच्या पाण्यानं धुऊन भिंतीला टेकवून ठेवली. आत जाऊन ओट्यावरचा कुकर उचलला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. मी उंचीनं कमी आहे, आणि स्टूल तिच्या मशीनखाली असतं.

पुढचे दिवस घरात टिक होता. सुरुवातीला आम्ही दचकायचो, नंतर टिक आला नाही की दचकायचो. एकदा वीज गेली तर तिनं गरम पाण्याच्या बाटल्या गोधडीत गुंडाळून डब्यात ठेवल्या आणि मी टॉर्च धरून उभा राहिलो. टॉर्चवर अंडं धरलं की आत लाल रेषा दिसायच्या, आणि एक ठिपका हलायचा. सासूबाईंचा फोन रोज यायचा. काळी कशी आहे, बसते का, दाणा खाते का. बायको उत्तर द्यायची, पण प्रत्येक उत्तराला मधे थांबायची. आईशी खोटं बोलायची तिला सवय नाही. माझ्याशी आहे, पण ते कौशल्य तिकडे चालत नव्हतं.

मग एका सकाळी डब्यातून टिकबरोबर दुसराही आवाज आला. एका अंड्याला, फुलीच्या जरा बाजूला, चीर गेली होती. आतून चोच. दुपारपर्यंत डब्यात ओली, काळी, चिडलेली पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडत होती. काही अंडी तशीच राहिली, पण बहुतेक फुटली. सगळी काळी. पायापर्यंत काळी.

ती वाळून फुगली आणि दाणा टिपायला लागली, तेव्हा बायकोनं भिंतीला टेकवलेली परात आणली. तिच्यात बारीक कणी टाकली आणि पिल्लं मधे सोडली. तांदूळ निवडायला ती परात आता चालणारी नव्हती, पण खरबरीत बुडावर पिल्लांचे पाय घसरत नव्हते. मग ती तिथंच जमिनीवर बसली आणि फोन लावला.

"माय, कारीचे पिले निंगाले."

पलीकडून बराच वेळ आनंद ऐकू येत राहिला. मग काळी कशी आहे, हा रोजचा प्रश्न आला असणार. यावेळी मात्र तिनं खरं सांगितलं. काळीला मुंगसानं नेलं, अंड्यांचे निम्मे दिवसही झाले नव्हते तेव्हाच.

मग सासूबाईंचा आवाज, फोन कानाला लावलेला असूनही मला स्पष्ट ऐकू आला: "मंग अंड्यावर कोन बसलं वं?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी डब्यातून बोर्ड सोडवत होतो.

"तुया जवाई बसला, माय," ती म्हणाली.

सासूबाई हसल्या की रडल्या ते मला कळलं नाही, दोन्ही असावं. मग त्यांनी परातीवरचा चोचींचा टकटक आवाज ऐकून तो कशाचा म्हणून विचारलं. आईनं दिलेल्या परातीत पिल्लं कणी खात आहेत, असं बायकोनं सांगितलं. तेही खरंच होतं. सासूबाई पुढच्या आठवड्यात लेकाला घेऊन वाण बघायला यायचं म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मी बोर्ड तिच्यासमोर धरला. तांब्यावर बसलेली चिप, आडवा रिले, कोपऱ्यात उलटी 'काळी'. सासूबाई येणार म्हणजे तो त्यांच्या नजरेला पडणार. मी म्हणालो, आता घाई नाही, त्या यायच्या आधी एक नीट, सरळ बोर्ड करतो. नावही सरळ येईल.

तिनं बोर्ड माझ्या हातातून घेतला, पदराला पुसला आणि परत डब्यात जागेवर ठेवला.

"राहू द्या उलटाच," ती म्हणाली. "सरळ करायले जाल तं आता कुकर जाईल माया."